ओळख पटल्याशिवाय खुडू नका
रानभाज्या आणि अळंबी : दोन दिवसांच्या शिबिरातून शिकलेले

मृगाच्या सरी पडून गेल्या की कल्याण, ठाणे, दादर ह्या स्टेशनांच्या बाहेर आदिवासी बायका पानांच्या जुड्या मांडून बसतात. टाकळा, कुर्डू, शेवळा, फोडशी, करटोली. जुडीला भाव विचारणारे आता मोटारीतूनही उतरतात. पेपरात रानभाज्यांवर रकाने येतात, मोठ्या हॉटेलांत 'रानभाजी थाळी' मिळते आणि राज्याचा कृषी विभाग ऑगस्टमध्ये, जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास, जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो.

पण आपल्या घरांतून काय झाले? ज्या भाजीवर आपल्या आज्या-पणज्यांनी पावसाळे काढले, तीच भाजी आपल्या मुलांना ओळखता येत नाही. इतकेच नव्हे, तर तिचे नाव काढायची लाज वाटते. टाकळा म्हणजे गरिबाघरचा पाला, घोळ म्हणजे दुष्काळातले खाणे, असे आपणच म्हणत आलो. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडून आलेल्या आयांनी मिलोच्या लाल भाकरीबरोबर बांधावरचा पाला शिजवून पोरे जगवली. त्या आठवणीत उपासमार आहे म्हणून ती भाजी नकोशी झाली, हे समजण्यासारखे आहे. परंतु उपासमार आपली निवड नव्हती आणि भाजीचा त्यात काही गुन्हा नव्हता.

मराठवाड्यातील दलितांच्या खाण्यावर शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली लिहिले. त्यानंतर आपल्या ताटातल्या पदार्थांबद्दल उघडपणे बोलायला थोडी सुरुवात झाली. त्याच वाटेवरचे एक लहानसे पाऊल म्हणजे जुलै महिन्यात मुरबाड तालुक्यातील एका वाडीजवळ झालेले दोन दिवसांचे शिबिर. मुंबई आणि कल्याणच्या दोन वस्त्यांतील महिला मंडळांनी ते आपसांत वर्गणी काढून घेतले. शनिवारी सकाळी तीस-बत्तीस माणसे लोकलने आणि पुढे एस.टी.ने निघाली. त्यांत सत्तरीच्या आज्या होत्या, कारखान्यातून रजा काढून आलेले दोन-तीन भाऊ होते आणि शाळा-कॉलेजातली दहा-बारा मुले होती. मुक्काम समाजमंदिरात, स्वयंपाक सर्वांनी मिळून.

शिकवणाऱ्या कोण?

शिबिराला कोणी मोठा तज्ज्ञ बोलावलेला नव्हता. शेजारच्या कातकरी वाडीतील एक मावशी आणि त्यांची सून अशा दोघी शिकवायला आल्या. त्यांना मंडळाने दोन दिवसांची मजुरी ठरवून दिली. त्यांच्या मदतीला वनस्पतिशास्त्र शिकवणारे कॉलेजातील एक सर होते. मावशींनी नाव सांगायचे, सरांनी कारण सांगायचे, अशी कामाची वाटणी.

ह्या वाटणीतच शिबिराचा पहिला धडा होता. मावशी शाळेत गेलेल्या नाहीत. पण एका बांधावर उभे राहून त्यांनी वीस पावलांत चौदा वनस्पती दाखवल्या. कोणती खायची, कोणती औषधाची, कोणती गुरेसुद्धा तोंडाला लावत नाहीत, हे न अडखळता सांगितले. सर वहीत लिहून घेत होते. एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, तुम्हीपण शिकताय का?" सर म्हणाले, "अरे, पुस्तकात चित्र असतं. हे झाड कुठल्या ओहोळाला, कुठल्या आठवड्यात येतं ते मावशींना माहीत."

जीवकाची परीक्षा

पहिल्या दिवशी दुपारी पाऊस जोरात आला तेव्हा सगळे समाजमंदिरात बसले होते. तेव्हा एका ताईंनी मुलांना विनयपिटकातील जीवकाची गोष्ट सांगितली. भगवान बुद्धांवर उपचार करणारा हा वैद्य तक्षशिलेला सात वर्षे शिकला. शेवटी आचार्यांनी त्याच्या हाती खुरपे देऊन सांगितले की, तक्षशिलेच्या भोवती एक योजन फिर आणि जे औषधी नाही असे काही दिसले तर घेऊन ये. जीवक सगळीकडे फिरला आणि रिकाम्या हाताने परत आला. औषधी नाही असे त्याला काही सापडलेच नाही. आचार्य म्हणाले, तुझे शिक्षण पुरे झाले.

गोष्ट ऐकून एका मुलीने विचारले, "म्हणजे सगळंच खाता येतं का?" तिचा प्रश्न अगदी योग्य होता. औषधी असणे आणि खाण्याजोगे असणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कण्हेर हृदयावर काम करते आणि म्हणूनच ती जीवही घेते. जीवक सात वर्षे शिकला होता. आपण दोन दिवसांचे विद्यार्थी. म्हणून शिबिराचा नियम पहिल्या तासालाच फळ्यावर लिहिला गेला : ओळख पटल्याशिवाय खुडू नका, आणि जाणत्याने होय म्हटल्याशिवाय चुलीवर चढवू नका.

ओळख म्हणजे काय पाहायचे

मावशी पान नुसते पाहत नाहीत. हात लावतात, चुरगळतात, वास घेतात, देठ मोडून चीक येतो का पाहतात, आजूबाजूला काय उगवले आहे तेही पाहतात. सरांनी त्याची सहा कलमे करून दिली. पान कसे आहे आणि देठावर कसे बसले आहे, खोड गोल की चौकोनी आणि त्यावर लव आहे का, फूल-फळ कोणते, वास कसा, जागा कोणती, आणि महिना कोणता. सहाही जुळली तरच ओळख पटली म्हणायची. मोबाइलवर फोटो काढून नाव सांगणारी सोय आता आली आहे. तिने फार तर अंदाज मिळतो. त्या भरवशावर खायचे नाही, असे सरांनी दोनदा बजावले.

ह्या सहा कलमांचा उपयोग टाकळ्यापासूनच पटला. टाकळा, म्हणजे विदर्भातला तरोटा, पहिल्या पावसानंतर जिकडेतिकडे उगवतो. कोवळा असतानाच खायचा. त्याच्या एका पानाला साधारणपणे पर्णिकांच्या तीन जोड्या असतात आणि पर्णिकेचे टोक गोलसर असते. संध्याकाळ झाली की पर्णिका मिटतात. त्याच कुळातला कासविंदा त्याच्या शेजारीच उगवतो. त्याला पर्णिकांच्या चार ते सहा जोड्या असतात, टोक अणकुचीदार असते आणि चुरगळल्यावर घाण वास येतो. पश्चिम उत्तर प्रदेशात पावसाळा संपता संपता लहान मुले एकाएकी आजारी पडून दगावत असत. पुष्कळ वर्षे तो मेंदूचा ताप समजला गेला. पुढे डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा मुलांनी खेळताना कासविंद्याच्या शेंगांतील बिया खाल्ल्याचे दिसून आले. गरिबाघरची, भुकेली, दिवसभर रानात फिरणारी मुले होती ती. टोक गोल की अणकुचीदार, एवढ्याशा फरकाकडे का पाहायचे, ते ही हकिगत ऐकल्यावर कोणाला वेगळे सांगावे लागले नाही.

पाटीत काय काय आले

दोन दिवसांत जे दाखवले गेले त्यातील मुख्य भाज्या अशा :

टाकळा – कोवळी पाने. चण्याची डाळ घालून सुकी भाजी.

कुर्डू – शेतात, माळावर तण म्हणून उगवते. फुलोरा येण्याआधी पाने खुडायची. जवळा घालून फार चवदार होते.

फोडशी – काही ठिकाणी हिला कुलू म्हणतात. पाती कांद्याच्या पातीसारखी, पण चपटी. मुळाकडच्या पांढऱ्या भागात माती अडकते, म्हणून दोन-तीन पाण्यांनी धुवायची. मात्र रानकांदा तो हा नव्हे. रानकांद्याचा कांदा विषारी असतो आणि हृदयावर परिणाम करतो.

भारंगी – कोवळी पाने आणि फुले. कडू असते, म्हणून उकळून, पाणी पिळून टाकून मग फोडणीला.

करटोली – वेलीवरचे काटेरी फळ. वेलीचा कंद जमिनीत राहतो आणि दर पावसाळ्यात फुटतो. कंद उपटला तर पुढच्या वर्षी वेल नाही.

शेवळा – पावसाच्या तोंडाशी जमिनीतून एकच दांडा वर येतो. जुलैत तो संपत आलेला असतो, म्हणून मावशींनी ओहोळाकाठी शेवटचे दोनच दाखवले.

घोळ – जाडसर, रसरशीत पानांची, जमिनीलगत पसरणारी. किंचित आंबट. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी बेताने खावी, कारण तिच्यात ऑक्झलेट पुष्कळ असते.

शेवळ्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. शेवळा सुरणाच्या कुळातला आहे. त्यात ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते घशात टोचतात, म्हणून खाज सुटते. आपल्या आज्या शेवळ्यात काकडाची फळे किंवा चिंच घालतात, आतला पिवळा रवाळ भाग काढून टाकतात आणि चांगला शिजवतात, ते उगाच नव्हे. एका आजीबाईंनी आपली रीत सांगितली : "आंबट पडल्याशिवाय शेवळं ताटात घेऊ नये." रासायनिक नाव त्यांना माहीत नव्हते, पण खाज कशी मारायची ते नेमके माहीत होते.

बांबूच्या कोवळ्या कोंबांचे, म्हणजे वास्त्यांचेही तसेच. कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारे द्रव्य असते. कातरून भिजत घालायचे, उकळायचे आणि ते पाणी फेकून द्यायचे. कडू कंद तर त्याहून अवघड. कातकरी बाया त्याच्या चकत्या राखेच्या पाण्यात उकळून वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवतात, तेव्हा कुठे तो खाण्याजोगा होतो. मावशींनी स्पष्ट सांगितले, "ह्यो तुमी घरी करू नका. आमच्या हाताखाली दोन-चार वर्सं करा, मंग बघू."

ज्यांना हातही लावायचा नाही

दुसऱ्या दिवशी सकाळी खास विषारी झाडे पाहायला फेरी काढली. ही फेरी मुलांसाठी होती, पण मोठेही मागे राहिले नाहीत.

कळलावीचे फूल पेटलेल्या ज्वाळेसारखे तांबडे-पिवळे असते आणि पानाचे टोक वेलीच्या तणाव्यासारखे वळते. ते वळलेले टोक दिसले की ओळख पक्की. तिचा कंद रताळ्यासारखा दिसतो आणि अत्यंत विषारी असतो. तिच्यामुळे घरात कळी लागतात, असा एक समज आहे. तो खोटा. पण त्या समजामुळे लोकांनी तिला घरापासून दूर ठेवले. आता समज सोडायचा आणि खरे कारण मुलांना सांगायचे.

मोगली एरंडाच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात. शाळेतून येताना मुले खातात आणि उलट्या-जुलाबांनी एकदम दहा-वीस मुले दवाखान्यात भरती होतात, अशी बातमी महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा येते. गुंजेचे बी दिसायला सुंदर, पण चावून खाल्ले तर प्राणघातक. धोतरा, कण्हेर, पिवळी कण्हेर ही तर वस्तीच्या कडेलाच असतात. पिवळ्या धोतऱ्याचे बी मोहरीत मिसळले तर त्या तेलाने अंगावर सूज येऊन माणसे मरतात. १९९८ साली दिल्लीत भेसळीच्या तेलाने अशीच साथ आली होती.

आता अळंबीविषयी

शिबिराला येणाऱ्या बहुतेकांना सर्वांत जास्त उत्सुकता अळंबीची होती. विदर्भातून मुंबईत आलेल्या एका काकूंना सात्या आणि टेकोड्यांची आठवण येत होती. कोकणातल्या बायांना वारुळावरची अळंबी आठवत होती.

ह्या वारुळावरच्या अळंबीची हकिगत मोठी नवलाची आहे. वाळवी पालापाचोळा, लाकूड चावून वारुळाच्या आत त्याचे जाळीदार थर रचते आणि त्यावर बुरशी वाढवते. तीच बुरशी तिचे अन्न. म्हणजे वाळवी शेती करते. पावसाने जमीन भिजली की त्या बुरशीतून लांब देठ जमीन फोडून वर येतो आणि छत्री उघडते. जिवंत वारुळाशिवाय ही अळंबी येत नाही आणि माणसाला अजून तिची बाजारासाठी लागवड जमलेली नाही. लोभाने कुदळ घालून वारूळ उकरले, तर पुढच्या वर्षी तिथे काही मिळायचे नाही.

मावशींनी एका वारुळाची जागा लांबून दाखवली. त्या दिवशी छत्र्या उगवलेल्या नव्हत्या. पण समाजमंदिराच्या मागे गवतात मोठ्या पांढऱ्या छत्र्या होत्या. सरांनी त्यातली एक हातमोजा घालून उचलली, अर्ध्या पांढऱ्या व अर्ध्या काळ्या कागदावर पालथी ठेवली आणि वर पातेले झाकले. सकाळी पातेले उचलल्यावर कागदावर हिरवट भुकटीचा ठसा उमटलेला होता. ही छत्री मैदानात, हिरवळीवर पावसाळ्यात सर्रास येते. कोवळी असताना खालच्या पडद्या पांढऱ्या असतात, म्हणून चांगल्या अळंबीसारखी वाटते. खाल्ली की दोन-तीन तासांत भयंकर उलट्या आणि जुलाब. एवढी गोरीगोमटी वस्तू विषारी कशी, असे मुलांना वाटले. त्यावर काकू म्हणाल्या, "रंगावर जाऊ नये, हे आपल्याला कोणी शिकवायला हवं का?" सगळे हसले.

पण त्याहून वाईट जात निराळीच आहे. 'अमॅनिटा' गटातील काही अळंब्यांचे विष यकृत निकामी करते. शिजवून, तळून, वाळवून ते जात नाही. खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त वेळ काहीच वाटत नाही. मग उलट्या-जुलाब होतात. दुसऱ्या दिवशी थोडे बरे वाटते आणि माणूस दवाखान्यातून घरी जातो. आतमध्ये मात्र यकृत नासत असते. २०२२ च्या एप्रिलमध्ये आसामात थोड्याच दिवसांत तेरा माणसे रानातली अळंबी खाऊन मरण पावली. मृतांत बहुतेक चहामळ्यांतील मजूर कुटुंबांतली होती. पिढ्यान्‌पिढ्या अळंबी खाणारी माणसे होती ती. तरीही घात झाला.

ह्याबाबत आपल्यात जे समज आहेत ते एकजात टाकून द्यायला हवेत. चांदीचे नाणे काळे पडले तर विषारी, लसूण काळा पडला तर विषारी, किड्याने खाल्ली असेल तर माणसालाही चालते, पांढरी ती चांगली, मिठाच्या पाण्यात धुतली की विष जाते, हे सर्व खोटे आहे. गोगलगाय आणि किडे विषारी अळंबीही खातात. आपण चिकित्सा करणारी माणसे आहोत. जिथे एका घासात जीव जातो तिथे ऐकीव गोष्टीवर विसंबणे म्हणजे अंधश्रद्धाच होय.

म्हणून शिबिरात ठरले की, नवशिक्याने रानातली अळंबी खुडायचीच नाही. पाहायची, ठसा घ्यायचा, चित्र काढायचे आणि तिथेच सोडून यायचे.

मग अळंबीची हौस कशी भागवायची? त्याला चांगला उपाय आहे. धिंगरी अळिंबी घरात पिकवता येते. भाताचा पेंढा बारीक कापून रात्रभर भिजवायचा, गरम पाण्यात तासभर ठेवून निर्जंतुक करायचा आणि निथळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बियाण्याच्या थरांसह दाबून भरायचा. पिशव्या अंधाऱ्या, थंड जागी ठेवल्या की साधारण दोन-अडीच आठवड्यांत पेंढा पांढरा धरतो. मग पिशवी फाडून दिवसातून दोन-तीनदा पाणी शिंपडले की पुढच्या आठवडाभरात पहिली काढणी मिळते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचे प्रशिक्षण मिळते. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रातही चौकशी करावी. दहा बाय दहाच्या खोलीचा एक कोपरा पुरतो. बचत गटाच्या भगिनींनी ह्याचा जरूर विचार करावा.

विषबाधा झाली तर

घरात कोणाला रानातले काही खाऊन त्रास झाला तर मीठपाणी पाजणे, बोटे घालून ओकारी काढणे, अंगारा-धुपारा करणे, ह्यात एक मिनिटही घालवू नये. १०८ ला फोन करावा किंवा सरळ सरकारी रुग्णालय गाठावे. जे खाल्ले त्याचा न शिजवलेला तुकडा, पान, बी, अगदी उष्टे राहिले असेल तर तेही कागदात गुंडाळून सोबत न्यावे. किती वाजता खाल्ले ते डॉक्टरांना सांगावे. ज्यांनी ज्यांनी खाल्ले त्या सर्वांना न्यावे, त्यांना अजून त्रास होत नसला तरी. अळंबी खाल्लेली असेल तर, 'आता बरे वाटते' म्हणून घरी निघून येऊ नये.

आणखी एक गोष्ट. अशा वेळी घरात सगळे जण स्वयंपाक करणाऱ्या बाईवर तुटून पडतात. ती बिचारी भीतीने खरे सांगत नाही आणि उपचाराला उशीर होतो. तथागतांचे शेवटचे भोजन चुंद लोहाराच्या घरी झाले. तेथे वाढलेले 'सूकरमद्दव' म्हणजे डुकराचे मांस की अळंबी, ह्यावर विद्वानांचे आजही एकमत नाही. पण भोजनानंतर अतिशय आजारी असतानाही तथागतांनी आनंदाला सांगून ठेवले की, चुंदाला कोणी दोष देऊ नये, त्याने मनाला लावून घेऊ नये. आपल्या घरातल्या बाईला एवढे तरी अभय आपण द्यायला नको का?

भाजी कुठली, हक्क कोणाचा

रात्री जेवणानंतर गप्पांतून एक प्रश्न निघाला. रानभाजी ही कोणाची? वनहक्क कायद्याने, म्हणजे २००६ च्या कायद्याने, जंगलात राहणाऱ्या आदिवासींना आणि इतर पारंपरिक वननिवासींना गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क दिला आहे. शहरातून जाणाऱ्या आपल्यासारख्यांचा तो हक्क नव्हे. राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात तर आपण पानही तोडायचे नाही. म्हणून शिबिरातली सगळी खुडणी मालकाला विचारून शेताच्या बांधावर झाली आणि जास्तीची भाजी मावशींकडून विकत घेतली. ज्यांची त्यावर चूल चालते त्यांच्या पाटीत आपण हात घालायचा नाही.

एक बुजुर्ग भाऊ म्हणाले, "आपलं रान म्हणजे गायरान होतं." खरेच आहे. ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती त्यांच्या बायकांना भाजी, जळण आणि शेळीचा चारा गायरानातूनच मिळत असे. १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले ते पडीक जमिनीसाठीच. जमिनीच्या प्रश्नात आपल्या ताटातल्या भाजीचाही प्रश्न होता.

आता नवे संकट तणनाशकांचे आहे. शेतकी खाते ज्यांना तण म्हणते त्यांच्या यादीत कुर्डू, घोळ, केना, माठ, टाकळा ही सगळी मंडळी आहेत. निंदणीची मजुरी वाचावी म्हणून फवारणी होते. त्यात निंदणाऱ्या बाईचा रोज जातो आणि तिने संध्याकाळी ओट्यात बांधून आणलेली भाजीही जाते. फवारणाऱ्या मजुराच्या जिवालाही धोका असतो. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरता कामा नये. फवारलेल्या बांधावरची भाजी पाण्याने धुऊन भागत नाही. मालकाला विचारून घ्यावे आणि शंका असेल तर सोडून द्यावे. शहरात रेल्वे रुळांच्या, नाल्यांच्या आणि मोठ्या रस्त्यांच्या कडेची भाजीही ह्याच कारणाने नको.

चुलीजवळ

रविवारी दुपारचे जेवण खुडलेल्या भाज्यांचे झाले. मावशींनी पाटीतली एकेक जुडी पुन्हा तपासली आणि मगच चूल पेटली. ज्यांना घरी करायचे आहे त्यांच्यासाठी दोन सोप्या रीती देतो.

टाकळ्याची भाजी : कोवळी पाने निवडून, धुऊन बारीक चिरावी. चण्याची डाळ तासभर भिजवावी. तेलात लसूण आणि सुक्या मिरच्यांची फोडणी करून कांदा परतावा, डाळ घालून वाफ आणावी, मग भाजी घालावी. मीठ घालून झाकण न ठेवता शिजवावी. उतरवताना ओले खोबरे असल्यास घालावे.

फोडशीच्या वड्या : फोडशी स्वच्छ धुऊन बारीक चिरावी. त्यात तांदळाचे व थोडे चण्याचे पीठ, हळद, तिखट, मीठ, ठेचलेला लसूण घालून घट्ट मळावे. वड्या थापून तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजाव्यात.

महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, असे सरकारी आरोग्य पाहणी सांगते. हिरव्या भाज्यांत लोह असते, पण ते अंगी लागायला सोबत लिंबू, आवळा असे काही आंबट हवे. जेवणावर लगेच चहा घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही. ज्या भगिनी जेवण उरकून चहा पिऊनच कामाला धावतात त्यांनी निदान तासभर थांबावे. एवढ्या सवयीला पैसा लागत नाही. मात्र डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर भाजीच्या भरवशावर त्या बंद करू नयेत.

आपल्या वस्तीत काय करता येईल

असे शिबिर भरवायला फार खर्च येत नाही. प्रवास, शिधा आणि शिकवणाऱ्या मावशींची मजुरी एवढाच खर्च. मजुरी मात्र ठरवून, आदराने आणि आधी द्यावी. त्यांच्याकडे जे आहे ते ज्ञान आहे, करमणूक नव्हे. पाच-सहापेक्षा जास्त भाज्या एका पावसाळ्यात शिकायला जाऊ नये. एकच भाजी कोवळी, फुलावर आलेली आणि बी धरलेली अशी तीनदा पाहिली की ती डोळ्यांत बसते. खुडताना तीन रोपांतले एक घ्यावे, मूळ राखावे.

आणि दूर जाणे जमत नसेल तर घरातच सुरुवात करा. तुमच्या आजीला, आत्याला, गावाकडच्या काकूंना विचारा की पावसाळ्यात त्या काय खात होत्या, कुठून आणत होत्या, कशी शिजवत होत्या. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत, पण देशी बियाणी जतन करण्याच्या कामासाठी त्यांना २०२० चा पद्मश्री मिळाला. असे ज्ञान आपल्याही घराघरांत निजलेले आहे. मुलांच्या हाती एक वही द्या. एका पानावर एक भाजी, तिचे आपल्या गावचे नाव, पानाचे चित्र, महिना आणि आजीची रीत. मुलांनी लिहावे आणि आजीने तपासावे. शिबिरातल्या मुलांनी अशा अकरा वह्या सुरू केल्या असून पुढच्या पावसाळ्यात त्या मावशींना वाचून दाखवायच्या, असे ठरले आहे. आज्या थकत चालल्या आहेत. ह्या पावसाळ्यात विचारून घेतले नाही, तर पुढच्या पावसाळ्यात विचारायला त्या असतीलच असे नाही.